रिकामी डिश परत पाठवू नये

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एक नोटीस होती. ती आठवली की अजूनही माझं डोकं तापतं. प्रत्येक फ्लॅटमध्ये टीव्ही आहे असं गृहीत धरण्यात येत आहे, आणि नसेल तर तो नाही हे राहणाऱ्याने सिद्ध करावं, असं तिच्यात इंग्रजी आणि अरबीत लिहिलेलं होतं. नसलेली वस्तू कशी दाखवायची हे मात्र कुठं लिहिलं नव्हतं. भिंत दाखवायची का?

इथं आखातात, अल मनखूल भागातली ही बिल्डिंग जुनी, निम्म्याहून जास्त कुटुंबं भारतीय. गच्चीवर मालकांची टीव्हीची एक मोठी छत्री होती आणि तिच्यासाठी घरटी टीव्ही फी घेतली जायची. बाल्कनीत स्वतःची डिश लावायला बंदी होती आणि त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, बाहेरून ते दिसतं वाईट. पण आम्ही ती छत्री वापरत नव्हतो. आमचा टीव्ही इंटरनेटवर चालायचा, त्याचे पैसे आम्ही वेगळे भरत होतो. तसं मी मॅनेजमेंटला लिहून कळवलं. उत्तर आलं, आपली तक्रार आम्हाला महत्त्वाची वाटते. तेच उत्तर पुढच्या मेललाही आलं, अगदी स्वल्पविरामासकट. मग या फीच्या वसुलीचं काम त्यांनी एका कंत्राटदाराला दिलं आणि त्याची माणसं दारोदार फिरायला लागली. गळ्यात पट्टा, हातात टॅब, आणि चेहरा असा की आपण कुकरमागे चोरीचा माल लपवलाय.

याच सुमारास आई आमच्याकडे राहायला आली होती. राहायला म्हणजे कायमची. ते सोपं नव्हतं. मी एकुलती एक. बाबा गेल्यावर ती चिपळूणला एकटीच राहत होती. एकदा न्हाणीघरात पडली आणि शेजारणीनं हाक मारेपर्यंत तशीच पडून राहिली, हे मला तिच्याकडून नाही, त्या शेजारणीकडून कळलं. तरी इकडे यायला तयार नव्हती. लेकीच्या घरी चार दिवस जावं, पाहुणचार घ्यावा आणि परत यावं, जावयाच्या घरी मुक्काम ठोकू नये, हे तिच्या हाडात मुरलेलं. मी रडले, भांडले, अबोला धरला. शेवटी माझ्या नवऱ्यानं स्वतः फोन करून सांगितलं, "आई, तुम्ही आलात तर मला घरी कुणीतरी गरम पोळी वाढेल, तुमची लेक वाढत नाही." ती हसली आणि आली. त्यानं तिचा व्हिसा काढला, अल क्वोजमधल्या त्याच्या वर्कशॉपमधून येताना तिच्यासाठी केळफूल शोधून आणायला लागला. हळूहळू ती सैल झाली. आधी सोफ्याच्या कडेला बसायची, मग टेकून बसायला लागली. दुपारी घरी कुणी नसे तेव्हा टीव्हीवर मराठी मालिका लावायची आणि त्यातल्या सुनांना मोठ्यानं सल्ले द्यायची.

मी टीव्ही फीवरून चिडचिड करायचे तेव्हा ती म्हणायची, "भर ना मग. माहेरी आमच्या रेडिओलाही लायसन होतं. अण्णा पोस्टात जाऊन भरायचे. तपासनीस आला की शेजारचे रेडिओवर गोधडी टाकायचे, पण अण्णांनी कधी टाकली नाही. कर नाही त्याला डर कशाला?"

"आई, ते सरकार होतं. हे बिल्डिंगवाले आहेत."

"कुणी का असेना. खरं बोलावं, सुटावं."

ती खरं बोलली आणि अडकली.

त्या आठवड्यात माझ्या मुलीचा वाढदिवस झाला होता. वरच्या मजल्यावरच्या गुजराती बाईंनी ढोकळा पाठवला होता, स्टीलच्या डिशमधून. सकाळी आईला त्यांचा फोन आला, कुणाला तरी डिश न्यायला पाठवते. मी मरीना भागातल्या माझ्या ऑफिसात, नवरा कामावर, मुलगी शाळेत. आईनं घरातल्या सगळ्या डिश घासून बाल्कनीत वर्तमानपत्रावर उन्हात मांडल्या होत्या. कपाटात भांड्यांना वास येतो असं तिचं म्हणणं होतं. इतक्यात बेल वाजली.

पुढचं मी तिच्या तोंडून इतक्यांदा वदवून घेतलं आहे की मला ते पाठ आहे. दारात माणूस. त्यानं विचारलं, "माताजी, डिश है?"

"हां, है ना," आई म्हणाली. वरच्या बाईंनीच पाठवला, दुसरं कोण विचारणार?

"किधर है?"

"बाल्कनी में. धूप में रखा है."

"एक है?"

"नहीं नहीं, बहुत है. तुम्हारा कौनसा, वो मेरे को नहीं मालूम."

त्यानं टॅबवर टकटक केलं. आई म्हणाली, "रुको," आणि आत गेली. त्यातल्या त्यात परकी वाटली ती डिश तिनं उचलली. पण डिश रिकामी परत करायची नसते. आपल्याकडे कुणाची वाटीसुद्धा रिकामी जात नाही, काही नाही तर साखरेची चिमूट तरी घालतात. घरात तिनंच केलेले बेसनाचे लाडू होते. ते डिशमध्ये मांडून ती दारात आली आणि त्याच्यापुढे धरली. तो मागं सरकला. "ये नहीं चलेगा, माताजी." आईला वाटलं, लाजतोय. "अरे, शरम मत करो. रख लो. हमारे में खाली हाथ नहीं भेजते." तो निघून गेला.

संध्याकाळी ती मला म्हणाली, "आधी एक माणूस डिश मागायला आला होता, पण न घेताच गेला. घुश्शात होता जरा." वरच्या बाईंचा माणूस त्यानंतर येऊन डिश घेऊन गेलाही होता, त्यामुळे आधी आलेला कोण, हे आम्हाला कळेना. विषय तिथंच राहिला.

दोन दिवसांनी दारावर कागद चिकटवलेला सापडला. दाराखालून सरकवला नव्हता, बाहेरून, डोळ्यांच्या उंचीवर, चारही बाजूंनी टेप लावून. नाव माझ्या नवऱ्याचं, कारण भाडेकरार त्याच्या नावावर. फ्लॅटमध्ये एकाहून अधिक अनधिकृत डिश असल्याचं राहणाऱ्या व्यक्तीने मान्य केलं आहे. तपासणी करणाऱ्यास आमिष देण्याचा प्रयत्न झाला आहे. एक हजार दिरहॅम दंड, थकीत फी वेगळी, आणि करार पुढे वाढवायचा की नाही याचा विचार सुरू.

तो कागद आधी मुलीनं वाचला. शाळेतून आली, दारात उभी राहून वाचला आणि घरात शिरत म्हणाली, "आजी, दे आर सेइंग यू गेव्ह समबडी अ ब्राइब." ब्राइब म्हणजे काय ते आजीला कळलं नाही. मुलीनं फोनवर शब्द शोधून मराठीत वाचून दाखवला.

मी घरी आले तेव्हा टीव्ही बंद होता आणि आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. "एक हजार म्हणजे आपले किती गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तेवीस-चोवीस हजार, पण ते आपण भरणार नाही. "पैशांचं नाही," ती म्हणाली. "जावईबापूंच्या नावानं कागद आहे. दारावर. येणारा-जाणारा वाचून गेला असेल." लाच हा शब्द ती उच्चारतही नव्हती, नुसतं "ते" म्हणत होती.

मला आधी हसू आलं, हे लपवत नाही. डिश आणि डिश! मग हसू गेलं आणि जो संताप आला तो आजवर उतरलेला नाही. बाल्कनी दारापासून दहा पावलांवर होती. त्या माणसानं मान वाकडी करून बघितलं असतं तर वर्तमानपत्रावर वाळत घातलेली भांडी दिसली असती. पण तो तपासायला आलाच नव्हता, कबुली गोळा करायला आला होता. आणि म्हाताऱ्या माणसांकडून ती लवकर मिळते, म्हणून ही माणसं भर दुपारी यायची, कर्ती माणसं कामावर असताना. हे मला नंतर समजलं. खालच्या मजल्यावरच्या एका आजोबांनी तर भीतीनं टीव्ही भिंतीवरून उतरवून पलंगाखाली ठेवला होता.

बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी सगळं लिहिलं. काय पेटला ग्रुप! हे चुकीचं आहे, आमच्याकडेही असंच केलं, आपण सगळ्यांनी मिळून बोललं पाहिजे. शुक्रवारी संध्याकाळी लॉबीत जमलो. तिथं तर एकेकाच्या तोंडाचा पट्टा सुरू. माझ्या जिवात जीव आला. मग मी सगळ्यांच्या वतीनं लिहिलेलं पत्र पुढे केलं आणि सही करा म्हटलं. एकाला फोन आला. एकीचा गॅस चालू राहिला होता. तावातावानं बोलणारे एक गृहस्थ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सिस्टर, फॅमिली है, व्हिसा है. पे कर दो, खलास." आपल्याच एका मराठी बाईंनी तर मला शहाणपण शिकवलं, "कशाला गं हात दाखवून अवलक्षण?" अवलक्षण माझ्या दारावर आधीच चिकटवलेलं होतं, ते त्यांना दिसत नव्हतं. पत्रावर दोनच सह्या झाल्या, माझी आणि टीव्ही पलंगाखाली ठेवणाऱ्या आजोबांची. भित्र्यांचा मला तितकासा राग नाही, पोटं सगळ्यांनाच आहेत. राग आहे तो ग्रुपवर मुठीची चित्रं टाकून लॉबीत पाठ फिरवणाऱ्यांचा.

मी एकटी मॅनेजमेंटच्या ऑफिसात गेले. मॅनेजर आपलाच, म्हणजे भारतातलाच, गोड बोलणारा. "मॅडम, सिस्टम में अॅडमिशन आ गया है, आपकी मदर ने मान लिया है. अब मैं क्या करूं?"

मी पर्समधून स्टीलची डिश काढली आणि त्याच्या कीबोर्डवर ठेवली. "ये हमारी अनधिकृत डिश. ऐसी और भी हैं, पोहे खाने की."

त्याला कळायला क्षणभर लागला. मग तो जो हसत सुटला! शेजारच्या टेबलवाल्यांना बोलावलं, त्यांना गोष्ट सांगितली, तेही हसले. "और लड्डू! लड्डू दिया, हबीबी!" मी तशीच उभी. त्या हसण्यानं मला कागदापेक्षा जास्त भाजलं. त्यांच्या लेखी तो एक किस्सा होता, चहाबरोबर सांगायला मिळालेला. दंड रद्द, आमिषाची नोंद रद्द, "गुडविल" म्हणून. टीव्ही फी मात्र भरावीच लागेल.

"आणि माझ्या आईची माफी?" मी हिंदीत विचारलं.

"इन्शाल्ला, मेल कर देंगे."

"मेल नको. ज्या माणसानं तिला लाच देणारी ठरवलं त्याला पाठवा. कागद दारावर लावला होता, माफीही दारात येऊन मागू दे."

"मॅडम," तो हसू आवरत म्हणाला, "इतना क्या पर्सनल लेते हो?"

मेल आली, माझ्या नवऱ्याच्या नावानं. गैरसोयीबद्दल दिलगिरी. मी ती आईला मराठीत वाचून दाखवली, जरा वाढवूनही वाचली. तिनं मान डोलावली. पण ती दुपारी टीव्ही लावेना. बेल वाजली की आतल्या खोलीत जाऊन बसायची. सोफ्याच्या पुन्हा कडेला. महिनाभरात म्हणाली, चिपळूणचं घर बंद राहिलं की वाळवी लागते, जाऊन बघून येते. माझ्या नवऱ्यानं हात जोडले. "आई, माझं काही चुकलं का?" ती म्हणाली, "तुमचं कसं चुकेल? तुम्ही देवमाणूस आहात." आणि बॅग भरली.

वाळवी बघायला गेलेली ती परत आलीच नाही. गुडघा दुखतो, पावसाचं बघू, आंब्याचं बघू. परवा व्हिडिओ कॉलवर मी तिला सरळच विचारलं, तिकीट काढू का?

तिनं थोडं पुढं वाकून विचारलं, "जावईबापू आहेत का जवळ?"

"नाहीत," मी म्हणाले. तो माझ्या शेजारीच बसला होता, कॅमेऱ्यात दिसत नव्हता इतकंच.

"मग खरं सांगते. मी नाही यायची आता. माझ्या पायी त्यांच्या दारावर तसला कागद लागला. मी कोणत्या तोंडानं त्यांच्या घरी जेवू?"