आक्कांनी शेळीचं नाव बदललं तेव्हा

आक्का कॉम्प्युटरशी मोठ्यानं बोलायच्या. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या वाशीच्या आमच्या शेळीपालक बायकांच्या गटाची वेबसाइट त्याच सांभाळत. मी त्यांच्या हाताखाली. कुठं अडलं की स्क्रीनकडं बघून म्हणत, "सांग की बाई, काय खुपतंय तुला?" आणि थोड्या वेळानं त्यांना चूक सापडायचीच.

त्यांचं खरं वेड रेगेक्सचं. शब्दाचा साचा लिहायचा आणि पायथॉनच्या छोट्याशा स्क्रिप्टनं त्यात बसणारं सगळं एका दमात बदलायचं. बायका मोबाइलवरून मजकूर पाठवायच्या, त्यात कुणी 'केजी' लिही, कुणी नुसतं 'कि.', आक्का सगळ्याचं 'किलो' करून टाकत. पण बदलण्याआधी काय काय सापडलं ते माझ्याकडून वाचून घेत. "साचा लई हावरट असतो," म्हणायच्या. "मोकळा सोडला की शेजारचं बी खाऊन येतो." जन्मभर शेळ्या राखलेल्या बाईलाच हे सुचणार!

जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं तेव्हा मात्र आक्कांना दम निघेना. वाचून न घेताच त्यांनी एंटर दाबलं. साइटवरचं उस्मानाबाद गेलं, धाराशिव आलं, आणि आम्ही खुशीत चहा घेतला.

पुढं बकरी ईद तोंडावर आली तरी फोन वाजेना. गटाची मोठी विक्री त्याच दिवसांतली. बायकांचे चेहरे उतरले. शेवटी गटातल्या नसीमभाभींनी मोबाइलवर साइट उघडली आणि विचारलं, "आक्का, आमच्या शेळ्यांचं बारसं कवा केलं तुमी?"

व्यापारी नेटवर 'उस्मानाबादी शेळी' शोधत यायचे. आमच्याकडं होती 'धाराशिवी शेळी'. असली जात कुणी ऐकलीच नव्हती.

आक्का डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चूक माझीच. नाव जिल्ह्याचं बदललं, शेळीचं न्हाय." आणि खुर्चीवरून उठून मला म्हणाल्या, "बस. तू कर."

मी घाबरत साचा लिहिला. या वेळी वाचायला त्या होत्या. काही दिवसांनी फोन सुरू झाले, आणि ईदेच्या आधी सगळे बोकड चांगल्या भावानं गेले.

त्यानंतर आक्का त्या खुर्चीत बसल्या नाहीत. बाजूला स्टूल घेऊन बसत. आक्कांनी चूक मनाला लावून घेतली, असं वाटून मला वाईट वाटायचं. त्या सोलापूरला लेकाकडं कायमच्या निघाल्या, तेव्हा स्टँडवर मी ते बोलून दाखवलं.

"मनाला कशाला लावू?" त्या म्हणाल्या. "तुला समदं येत व्हतं. पर म्या उठल्याबिगर तू बसली नसतीस."

एस. टी. सुटली. मी डोळे पुसले आणि ऑफिसात येऊन कामाला बसले.