वास येतो का?

सुट्टीत इंदूर बघायला येणाऱ्यांना मी माझ्या वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायचो. ढेकूण झाले की औषध फवारणारा एक जण सायकलला पंप बांधून यायचा. कापडाची मिल बंद पडल्यावर त्याने हे काम धरलं होतं. दवा शेतातली, कपाशीवर मारायची. "एकदम पक्की आहे, भिया," इंदुरी ढंगात म्हणायचा. फवारून झालं की सगळ्या खिडक्या घट्ट लावून घ्यायचा. मिलच्या विणाई खात्यातली ही सवय. तिथे खिडकी उघडी राहिली की दमटपणा जाऊन सूत तुटायचं.

कापसाच्या धुळीने त्याचं नाक गेलं होतं, वास कळायचा नाही. दवा अंगाला लागली का ते कळावं म्हणून निघताना शर्टाची बाही पुढे करून तो विचारायचा, "भिया, वास येतो का?" मला त्याच्या जवळ जायला नको वाटायचं. मी लांबूनच म्हणायचो, "नाही."

एका मे महिन्यात, त्याने फवारलेल्या खोलीत उतरलेल्या पाहुण्यांची मुलगी ओकून ओकून बेशुद्ध पडली. डॉक्टर म्हणाले, दवा भिनली. थोडक्यात वाचली.

दुसऱ्या दिवशी तो आला. खिडक्या सताड उघडल्या, फरशी तीनदा पुसली आणि संध्याकाळपर्यंत तिथेच भिंतीला टेकून बसला. जाताना त्याने बाही पुढे केली.

या वेळी मी जवळ गेलो. "येतो," म्हटलं. "दर वेळी यायचा."

त्याने बाही कोपरापर्यंत दुमडून घेतली.

"घरी वास येतो का सांगायला कोणी नाही, भिया," तो म्हणाला. "इसलिए तर तुम्हाला विचारायचो."