ज्ञानू हवालदारांचं भ्या

तासगावात एस.टी. स्टँडमागं माझं पत्र्याच्या ट्रंका करायचं दुकान होतं. हातोड्याच्या आवाजापायी गिऱ्हाईकंसुद्धा रस्त्यावर उभी राहून बोलायची. ज्ञानू हवालदार मात्र एका सकाळी आत येऊन म्हणाले, "मला काय घ्यायचं न्हाई. तुमचं ठोकणं चालू असताना हितं बसू द्या."

एकाहत्तरच्या लढाईवरून परतून त्यांना वर्ष होत आलं होतं. उंचापुरा गडी, इस्त्रीचा सदरा, बोलणं मोजकं. मी पहिला घाव घातला आणि ते स्टुलावरून उठून भिंतीला जाऊन चिकटले. मी हातोडा खाली ठेवला. घाम पुसत ते परत स्टुलावर बसले. "थांबू नका. हाणा."

महिनाभर ते रोज आले. तासभर बसायचे, दचकायचे, पुन्हा सावरून बसायचे. शेवटी मी विचारलंच, "आवं हवालदार, कशापायी जिवाला एवढा जाच?"

"माझी मंगल पाच वर्साची हाय," ते म्हणाले. "घरात ताट पडलं, तर माझ्या आदी पोरगी खाटंखाली. तिनं कवा तोफ ऐकलीया? माझ्याकडं बघून शिकली. लढाईला मी गेलतो. भ्या माझ्यापाशीच ऱ्हायला पायजे."

त्या दिवसापासून मी त्यांना न सांगता घावाचा जोर रोज थोडा वाढवत नेला.

पावसाळा सरल्यावर ते मंगलला घेऊन आले. तिला मांडीवर बसवलं. "आज जोरात मारा."

मी मारला. मंगलनं पत्र्याकडं पाहिलंच नाही. मान वर करून तिनं बापाच्या तोंडाकडं पाहिलं. ते शांत होतं. मी बाजूला होतो; त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटलेला मला दिसत होता. दुसरा घाव, तिसरा. पोरगी हसली.

"आबा, लय वाजतंय."

"व्हय. पत्रा हाय, वाजणारच."

तिला खेळायला ट्रंकेची एक कडी देऊन ते दुकानामागं गेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो, तर त्यांना तांब्या धरवेना. मीच पाणी पाजलं.

"तिनं बघितलं का?"

"न्हाई."

"मग उद्या बी आणतो."