हरलेला डाव पुन्हा उघडताना

कॉम्प्युटरवर राज्य चालवायचे जे खेळ असतात, त्यांच्याबद्दल मला कोणी विचारू नये. पण आमच्या ऑफिसातले पोट्टे विचारतातच. मी एका बिल्डरकडे नकाशे काढतो, वय पन्नाशीला टेकलं आहे, आणि वीस-बावीस वर्षं हेच खेळ खेळत आलो, हे त्यांना कुठून तरी कळलं. "काका, सगळ्यात भारी गेम कोणता?" म्हणतात. एकही नाही, असं सांगितलं की हसतात. हसा म्हणावं.

खेळ साधा असतो. नकाशा बहुतेक काळाच असतो. तुम्हाला एक गाव मिळतं, चार माणसं मिळतात. शेती करा, रस्ते बांधा, सैन्य उभं करा, शेजाऱ्याशी तह करा, नाहीतर त्याचं गाव घ्या. एक डाव तुमचा, एक समोरच्याचा. यातलं चांगलं काय तेही सांगतो, मी काही आंधळा नाही. पुढचं दिसत नाही, ही सगळ्यात चांगली गोष्ट. टेकडीपलीकडे काय आहे ते माणूस पाठवल्याशिवाय कळत नाही. आणि आज केलेल्या कामाचं फळ तीस-चाळीस डावांनी येतं, तोवर धीर धरावा लागतो. या दोन्ही गोष्टी खेळ बनवणाऱ्यांना बरोबर जमल्या आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण तो कॉम्प्युटर! अवघड पातळी निवडली की तो हुशार होईल, असं वाटतं. डोंबलाचा हुशार! त्याला धान्य दुप्पट देतात, सैनिक दुप्पट देतात, आणि अक्कल ठेवतात तेवढीच. भैताडाच्या हाती तोफा. तह म्हणजे तर निव्वळ थट्टा. ज्याला दहा वेळा धान्य पाठवलं तो अकराव्या डावात काही कारण नसताना चाल करून येतो. आणि शेवटचा तिसरा हिस्सा तर विचारूच नका. कोण जिंकणार ते मधेच ठरलेलं असतं, तरी शंभर डाव नुसती बटणं दाबत बसायचं. पंगत उठून गेल्यावर पत्रावळी उचलायचं काम ते. मी गेली कित्येक वर्षं ते करतो आहे आणि दरवेळी शिव्या घालतो.

या खेळांची सगळ्यात वाईट खोड मात्र वेगळीच आहे. ती सांगायची तर घरातली गोष्ट सांगावी लागते.

लग्न झालं तेव्हा आम्ही नंदनवन वस्तीत दोन खोल्यांत राहायचो. आई, मी आणि बायको. बायको रामटेकजवळच्या खेड्यातली, घरी धानाची शेती. आईच्या घरात एक कायदा होता, की नव्या सुनेनं दिवसाउजेडी नवऱ्याशेजारी बसायचं नाही. कोणी लिहिलेला नव्हता, पण होता. आई वाईट नव्हती. तिच्या सासूनं तिला तसंच ठेवलं होतं, म्हणून तिनं तसंच ठेवलं. आम्ही फिरायला निघालो की तीही चपला घालायची. "मी बी येतो ना गा, घरी बसून काय करू?"

समोरच्या खोलीत माझा कॉम्प्युटर होता, ऑफिसचे नकाशे घरी काढण्यासाठी आणलेला. एका संध्याकाळी मी बायकोला शेजारी खुर्ची दिली आणि खेळ लावला. आई आतून आलीच.

"काय करून राहिले गा तुम्ही दोघं?"

"तिले कॉम्प्युटर शिकवून राहिलो," मी म्हणालो.

आईनं पडद्याकडे पाहिलं. हिरवा नकाशा, त्यावर बारीक बारीक घरं, मधून नदी. माझं कामच नकाशांचं, त्यामुळे तिला शंका यायचं कारण नव्हतं. "शिकव बाप्पा," ती म्हणाली, "आजकाल लागते." झालं. परवानगी मिळाली.

दोघांनी एकाच कॉम्प्युटरवर खेळायचं तर एक नियम पाळावा लागतो. एकाचा डाव चालू असताना दुसऱ्यानं पडदा पाहायचा नाही. तिचा डाव असला की मी दाराबाहेर जाऊन उभा राहायचो. माझा डाव असला की ती आत जायची. कणीक मळायची, भात टाकायची, आणि मी हाक मारली की हात पुसत परत यायची. दोन डावांच्या मधे पाच-दहा मिनिटं आम्ही शेजारी बसायचो आणि हळू आवाजात बोलायचो. आईला संशय येऊ नये म्हणून नकाशावर बोट ठेवून बोलायचो. तिच्या माहेरच्या गोष्टी, माझ्या ऑफिसच्या गोष्टी. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातलं आमचं बोलणं म्हणजे तेवढंच.

महिन्याभरात ती माझ्यापेक्षा चांगली खेळायला लागली. हे लिहायला मला आजही जड जातं. मी सैन्य जमवायचो, ती पाणी पाहायची. "आधी पाणी कुठून येते ते पाहा ना जी, बाकीचं मागाहून," म्हणायची. नदीच्या वरच्या अंगाला गावं वसवायची, कालवे वळवायची, आणि खाली माझी गावं पीक नाही म्हणून रोडावत जायची. मी आपला तलवारी घडवत बसलेला! ही चाल खेळासोबत आलेल्या माहितीत कुठं नव्हती. ती बापाच्या धानाच्या बांधीत उभं राहून शिकली होती.

मला हरणं जमत नाही. लहानपणी कॅरम हरलो की सोंगट्या उधळून उठायचो, आणि मोठेपणी काही फार सुधारलो नव्हतो. तिच्याकडून दोनदा हरलो. दोन्ही वेळा "फालतूचा खेळ आहे" म्हणून उठलो आणि चार-चार दिवस कॉम्प्युटर लावलाच नाही. ती आतबाहेर करताना खुर्चीकडे पाहायची तेवढं.

मग मला ती खोड सापडली. हे खेळ लढाईआधी सेव्ह करून ठेवता येतात. लढाई हरली की सेव्ह केलेली फाईल उघडायची, म्हणजे हरलेलं घडलंच नाही. पुन्हा लढायचं. पुन्हा हरलात तर पुन्हा उघडायची. कधी ना कधी दान तुमच्या बाजूनं पडतंच. ती आत पोळ्या लाटत असायची आणि मी बाहेर दरवेळी नवी फाईल ठेवत एकच लढाई पाच-पाच, सात-सात वेळा लढायचो. ती परत यायची तेव्हा तिचं गाव गेलेलं असायचं. "माय वं! गेलं का?" म्हणायची आणि हसायची. आणि मी काय म्हणायचो? "डोकं लागते त्याले." अशी फुशारकी, आणि तीही चोरीच्या मालावर!

खेळ बनवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की माणसाच्या हाती ही सोय देऊ नका. चूक पुसता आली की माणूस विचार करणं सोडतो. समोरच्याचं डोकं ओळखायचं, आपलं नुकसान पोटात घालून पुढची चाल शोधायची, हाच तर खेळ. तो राहतच नाही, नुसतं जिंकणं राहतं. आता तुम्ही म्हणाल, लोका सांगे ब्रह्मज्ञान. म्हणा. खरंच आहे ते.

तिकडे आई मोहल्लाभर सांगत फिरत होती, "आमची सून कॉम्प्युटर शिकली." गल्लीच्या टोकाला एक शाळा होती, तिथल्या ऑफिसात कॉम्प्युटर येणारी बाई पाहिजे होती. आई आम्हाला न विचारता जाऊन बोलून आली. "सोमवारपासून जाय वं," बायकोला म्हणाली. बायकोचा चेहरा पांढराफटक. तिला सैन्य हलवता येत होतं, साधं पत्र टाईप करता येत नव्हतं. आणि आईला सांगणार तरी काय? की चार महिने आम्ही राज्य राज्य खेळत होतो? शनिवार-रविवार मी तिच्याकडून पत्र, तक्ता, प्रिंट, सगळं घोटून घेतलं. ती गेली आणि टिकली. आज त्याच शाळेत ती हेडक्लार्क आहे. "माझ्या पोरानं शिकवलं तिले," असं आई मरेपर्यंत सांगायची.

नोकरी लागल्यावरही काही महिने ती संध्याकाळी खेळायला बसली. मी जिंकतच होतो. एका संध्याकाळी मी तिचं शेवटचं गाव घेतलं आणि हाक मारली. ती आली, पडदा पाहिला, म्हणाली, "जिंकले ना तुम्ही? झालं मग." त्यानंतर ती त्या खुर्चीवर बसली नाही. मी कारण विचारलं नाही. तेव्हा तिला दिवस गेले होते, दमत असेल, असं धरून चाललो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. आता कधी पकडला जाणार नव्हतो.

पुढं हुडकेश्वरला घर झालं. आई गेली. मुलगी मोठी झाली आणि शिकायला पुण्याला गेली. मी एकटाच कॉम्प्युटरशी खेळत राहिलो, दर दोन वर्षांनी नवा खेळ, त्याच जुन्या खोडी. घरात आमचं बोलणं म्हणजे सिलिंडर आला का, नळ गेला का. कधी कधी आठवडाभरात त्यापलीकडे एक वाक्य नाही. शेजारी माणूस नसेल तर या खेळात काही राम नाही, हे मला फार उशिरा कळलं. कळूनही तिला कसं विचारावं ते कळत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी मी दूध घेऊन आलो, तर बायको जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेली. पडद्यावर नकाशा. हिरवा, मधून नदी. मी पिशवी हातात घेऊन तसाच उभा राहिलो. एक वर्षापासून मायलेकींचा खेळ चालला होता. एकीनं आपला डाव खेळायचा आणि फाईल दुसरीला मेल करायची. दुसरीनं ती उघडून खेळायचं आणि परत पाठवायची.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही," ती म्हणाली.

मला राग आला आणि रडूही आलं. दोन्ही गिळलं. म्हटलं, "मी बसू का?" इतक्या वर्षांत मी तिला असं काही विचारलं नव्हतं. तिनं शेजारच्या खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलले आणि म्हणाली, "बसा ना." मी पिशवी टेबलावर ठेवली आणि बसलो. वाटलं, अजून सगळं गेलेलं नाही, हिच्याशी बोलायला काहीतरी उरलं आहे. फक्त शहाण्यासारखं बसायचं होतं मला.

ती अजून तशीच खेळत होती, आधी पाणी, मग बाकीचं. मी तोंड मिटून पाहत राहिलो. मधेच ती म्हणाली, "हे पाहा, पोट्टीनं इथं बांध घातला," आणि मी "हो," म्हणालो, आणि तेवढ्यानंही बरं वाटलं. मग तिनं तो बांध घ्यायला सैन्य पाठवलं. लढाई हरली. सगळं सैन्य गेलं, आणि मागचं तिचं सगळ्यात मोठं शहर उघडं पडलं.

"माय वं, गेलं!" ती म्हणाली आणि खळखळून हसली.

आणि मी म्हणालो, "सेव्ह नको करू. पोरीची फाईल पुन्हा उघड आन पुन्हा लढ. तिले पुण्यात बसून काय समजते?"

तिचं हसू थांबलं. तिनं माऊसवरचा हात उचलला.

"मले समजत होतं," ती म्हणाली.

मी खुर्ची मागं सरकवली.

"खेळ लावताना यादीत एकाच डावाच्या सात-सात फाईली राहत होत्या जी. पुसायचं बी ध्यान नव्हतं तुम्हाले."

"मग तेव्हा बोलली काहून नाही?"

"तुम्ही हरले की उठून जात होते. चार दिवस तोंड नव्हते दाखवत. मले तुमच्याजवळ बसायले तेवढाच वेळ भेटत होता. म्हणून चालू दिलं."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला भांडता तरी आलं असतं. तिनं हरलेला डाव तसाच सेव्ह केला, पोरीला पाठवला आणि लॅपटॉप मिटला. मला खरं म्हणजे तिथंच थांबायला पाहिजे होतं, पण राहवलं नाही.

"मग सोडलं काहून?"

"मी शाळेत जाऊन राहिली होती ना," ती म्हणाली. "तिथं मले बोलायले माणसं भेटले."