रस्ता पाठ आहे

"खडक कोरडे आहेत म्हणतोय ना मी!"

"हश्मीकाका, लाट त्यांच्यावरून जातेय. कोरडे कसे असतील?"

"मास्तर, तुम्ही शाळेत भूगोल शिकवा. समुद्र मला शिकवू नका."

"समुद्र भूगोलातच येतो हो."

"तुमच्या पुस्तकातला येत असेल. हा आमच्या गावचा आहे."

हेंदाने पाठीवरची पिशवी एक हिसका देऊन वर घेतली, पट्टे आवळले आणि दोघांकडे न बघता वरच्या झुडपांतून चालायला लागली. "तुमचं ठरलं की या. सुट्टीच्या दिवशी मोडलेले पाय बांधायला मी नाही बसणार." ती नर्स आहे. आमची भांडणं बहुधा अशीच मिटतात. हेंदा चालू लागते, मग बाकीचे निघतात. हश्मी सगळ्यात शेवटी निघाला, पुटपुटत.

हश्मी लुआज चालवतो. तांबड्या पट्ट्याची पांढरी भाड्याची गाडी, जागा आठ, आणि आठही भरल्याशिवाय ती हलत नाही. ट्यूनिसच्या बाब सादून अड्ड्यावरून सेजनान, सेजनानहून परत. सेजनान त्याचं जन्मगाव. अड्ड्यावर त्याची हाक पार नाक्यापर्यंत जाते, "सेजनान! एकच जागा! एकच राहिली!" गाडी रिकामी असली तरी एकच. साठीला टेकलाय, मिशा मात्र तरण्याच्या. खिशात भोपळ्याच्या बिया, आणि प्रत्येक गोष्टीत स्वतःचं मत. प्रवाशाने नवरी कुठली करावी इथपासून खिडकी किती उघडावी इथपर्यंत.

आम्ही त्याचे प्रवासी. मोएझ सेजनानच्या शाळेत शिकवतो, हेंदा तिथल्या दवाखान्यात, मी टपाल कचेरीत. रोज एकाच गाडीत बसून माणसं एकतर कंटाळतात नाहीतर दोस्त होतात. एका वसंतात संप होता, गाडी भरेना. हश्मीने हात झटकले आणि म्हणाला, "चला, तुम्हाला समुद्र दाखवतो. शहरातली माणसं, नुसतं पाणी बघून आलीत." तेव्हापासून दर वसंतात एक शनिवार-रविवार ठरलेला. सिदी मश्रिगला रोमन कमानींजवळ गाडी लावायची, तंबू-भांडी पाठीवर घ्यायची आणि काप सेरातच्या भूशिराच्या दिशेने किनारा धरायचा. वस्ती नाही, रस्ता नाही. वाट हश्मी काढतो. यंदा ती पहिल्यांदाच हेंदाने काढली.

दुपार कलल्यावर एका लहानशा खाडीत उतरलो. मोएझने तंबू ठोकले, हेंदाने मासे साफ करून त्यांना हरीसा, म्हणजे लाल मिरचीचं वाटण, चोळली. चहा हश्मीचा. तो कुणाला करू देत नाही. किटली खांद्याएवढी उंच धरायची आणि पेल्यात धार सोडायची, वर फेस यायलाच हवा. त्याने किटली उचलली, धार सोडली. पेला राहिला एका बाजूला, चहा वाळूत.

"वा रे बसीर!" हेंदा म्हणाली.

आमच्याकडे अशुभ शब्द तोंडाने घेत नाहीत, उलटवून घेतात. कोळशाला पांढरं म्हणतात, विस्तवाला आरोग्य. आणि ज्याचे डोळे गेले तो बसीर, म्हणजे बघणारा. कुणी उंबऱ्याला अडखळलं की घरातून आवाज येतोच, वा रे बसीर. त्यात काही नसतं. पोराटोरांनाही म्हणतात.

हश्मीने किटली खाली ठेवली. "कुणी सांगितलं तुला? बेयाने?"

बेया त्याची बायको. हेंदा हसत होती, ती थोडा वेळ तशीच हसत राहिली. मग थांबली.

"काय सांगितलं?"

"काही नाही. मासे बघ, करपतील."

"हश्मी, बेया मला काय सांगणार होती?"

त्याने मिशीवरून हात फिरवला. आता झाकून उपयोग नव्हता, हे त्यालाही कळलं असावं.

"साखर किती आहे?" हेंदाने दवाखान्यातल्या आवाजात विचारलं.

"गोड आहे."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"कडेचं दिसत नाही म्हणाला. समोरचं थोडं धूसर. गाडी समोरच जाते ना?"

"आणि चालवता कसे?" मोएझने विचारलं.

"मधली पांढरी रेघ दिसते की. रेघेरेघेने जातो. रस्ता पाठ आहे मला, मास्तर. कुठल्या वळणावर कुणाची मेंढरं बांधलेली असतात, तेसुद्धा."

"बांधलेली ठीक आहेत. सुटलेली?"

हश्मीने खिशातली एक बी दाताखाली फोडली. मग म्हणाला, "लायसन्सची तपासणी हिवाळ्यात आहे. तोवर तुम्ही बोलला नाहीत तर कुणाला कळत नाही. घरी बसवलंत तर दिवसभर बेयासमोर बसेन. तिची तरी कीव करा." त्याने एकेकाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहताना त्याची नजर माझ्या खांद्यावर होती.

मासे करपले नव्हते. सगळे खाल्ले.

रविवारी परतताना तो हेंदाच्या मागून चालला. ती पाय ठेवेल तिथे पाय ठेवत.

गाडीपाशी आल्यावर त्याने बाहीने काच पुसायला घेतली.

"किल्ली द्या काका, मी चालवतो," मोएझ म्हणाला.

"माझी लुआज मी कुणाच्या हातात देत नाही."

"आज सुट्टी आहे. आज ती लुआज नाही, नुसती गाडी आहे."

"दे रे त्याला," हेंदा म्हणाली. "माझ्याशेजारी बस मागे. बिया खा."

"मागे? या गाडीत मी कधी मागे बसलो नाही."

"मग पुढे बसा," मोएझचा आवाज चढला. "कुठेही बसा. मी ते विचारतच नाहीये. उद्या सकाळी तुम्ही अड्ड्यावर हाक देणार. मी त्या गाडीत बसू का? मी बसेन एक वेळ, मला ठाऊक आहे. पण बाकीच्यांना ठाऊक नाही. दिवस भरलेल्या बायका येतात हेंदाच्या दवाखान्यात, तुमच्याच गाडीतून. त्यांना मी काय सांगू? सांगा ना, काय सांगू?"

हश्मीने काच पुसणं थांबवलं. पिशवी उचलून पाठीवर टाकली, पट्टा आवळला आणि सेजनानकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याने चालायला लागला, बुटाने कडेची खडी चाचपत. गाडीला कुलूप होतं. किल्ली त्याच्याच खिशात होती. हेंदाने दोनदा हाक मारली. त्याने मान वळवली नाही.