टेकवायचं कार्ड आणि तांब्याची डबी

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. मुलीला सांगितलं नाही, शेजाऱ्यांना नाही. हिला तर नाहीच — आणि सांगायचं होतं ते हिलाच. ही गेली त्याला सात महिने झाले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे बोलायला जीभ वळतेय. शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखनाकडे बघू नका.

मी कसबा पेठेतला तांबट. जन्मभर तांबं ठोकलं — बंब, हंडे, घंगाळी. त्यानं कान गेले, पण हिचा आवाज कधी चुकला नाही. माझे ठोके चालू असायचे आणि ही हातात पिशवी घेऊन दारात यायची. "अहो, जरा पैसे देता?" मी हातोडी खाली ठेवायचो, बंडीच्या खिशात हात घालायचो. मुद्दाम सावकाश. तेवढा वेळ ती उभी राहायची. आळीत कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं लग्न ठरलं, असं काहीबाही सांगायची. त्या उभं राहण्याची मला सवय लागली. सवय कसली — गोडी लागली.

आता हे बघा, ती काही रिकामी बाई नव्हती. शाळेत शिपाई होती. पगार आणून माझ्या हातावर ठेवायची आणि मग तोच माझ्याकडे मागायची. तेव्हा यात कुणाला वावगं वाटलं नाही. मला कशाला वाटेल?

रिटायर झाल्यावर पेन्शन बँकेत पडायला लागली. कार्ड होतं, पण त्याचा नंबर हिच्या लक्षात राहीना. एकदा औषधाच्या दुकानात तीनदा चुकली. मागं रांगेत कुणीतरी हसलं. घरी आली ती कार्ड कपाटात साड्यांखाली घालूनच थांबली. पुन्हा आपलं — अहो, जरा पैसे देता?

मग बँकेनं नवं कार्ड पाठवलं. त्यावर लाटांसारख्या रेघा. शेजारच्या शमीमभाभींनी हिला शिकवलं. "वहिनी, थोड्या रकमेला नंबर नको न् काही नको. नुसतं टेकवायचं."

टेकवायचं! हिला तो शब्द फार आवडला. मशीनला कार्ड टेकवायची आणि लगेच स्वतःच्या कपाळाला. देवळात करतात तसं. दुकानदार हसायचे, पण ते हसणं निराळं होतं. "टेकवू का?" म्हणताना हिचा चेहरा — काय सांगू तुम्हाला. चाळीस वर्षांत मी आणलेल्या कुठल्या लुगड्यानं तो तसा झाला नव्हता.

मला धास्ती वाटायची, हे खोटं नाही. चौकातल्या बाकावर कुणीतरी सांगितलं होतं, बसच्या गर्दीत चोर पिशवीला मशीन लावतात, पैसे हवेतून जातात, कळतसुद्धा नाही. म्हणून मी एक डबी केली. तांब्याचा पातळ पत्रा, चपटी, झाकण असं घट्ट की नख घालूनच उघडावं. वर बारीक ठोक्यांची नक्षी. शेवटचं चांगलं काम माझ्या हातचं. पहिल्याच दिवशी ही डबीसकट मशीनला टेकवत बसली. काही होईना. घरी आली ती हसत. "अहो, तुमचं तांबं भलतंच कडक. चोरालाही देत नाही न् मालकिणीलाही देत नाही."

डबीचं हे लक्षात ठेवा. मीच विसरलो.

हळूहळू ती दारात उभी राहीनाशी झाली. पिशवी घ्यायची आणि "येते हं" म्हणून निघायची. दर गुरुवारी शमीमभाभींबरोबर बेकरीत. तिथं दोघी चहा प्यायच्या, खारी खायच्या, आणि ही टेकवायची. मी हातोडी खाली ठेवून बघायचो — कुणीच नाही. एवढ्यानं माणूस दुखावतो का? मी दुखावलो. थंडीत तिनं माझ्यासाठी स्वेटर आणला. लोकरीचा, चांगला. मी काय म्हणालो? "मला विचारलंस का?"

"स्वतःच्या पैशाला विचारायचं असतं होय?" ती म्हणाली. रागानं नव्हे, सहज. तेच मला लागलं.

आता सांगतो. आणखी लांबवत नाही.

दुसऱ्या दिवशी ही आंघोळीला गेली तेव्हा मी डबी उघडली, कार्ड घेतलं, झाकण परत बसवलं. बसनं कोथरूडला गेलो — तिथं मला कोण ओळखतंय? मोठ्या दुकानात शिरलो. छत्री घेतली. थंडीच्या दिवसांत छत्री! कार्ड टेकवलं. येताना छत्री बसच्या सीटवर सोडून दिली.

घरी आलो तर शमीमभाभी हिच्या फोनवरचा मेसेज वाचून दाखवत होत्या. "कोथरूडला कुणी तरी टॅप केलंय, वहिनी." ही पाटावर बसलेली, मांडीवर डबी, बंद. "मी तर घरातून हललेही नाही," एवढंच म्हणत होती. आणि मी — चपला काढता काढता — म्हणालो, "बघ. काल बसमध्ये मशीन लावलं असेल कुणी. सांगत होतो ना? हवेतून जातात."

तिनं माझ्याकडे पाहिलं. डबीच्या झाकणावरून बोट फिरवलं. मग डबी पुढं केली. "ही तुमची डबी. तुमच्याकडेच ठेवा."

मला वाटलं, घाबरली. कार्ड माझ्या खिशात होतं, ते परत आत सरकवलं. दोन दिवसांनी तिला बँकेत नेऊन टेकवायची सोय बंद करून आणली. आता नंबर टाकूनच चालणार होतं. नंबर तिला जमत नाही, हे मला ठाऊक नव्हतं का?

गुरुवारची बेकरी सुटली. शमीमभाभी दोनदा हाक मारून गेल्या. "गुडघे दुखतात गं," ही आतून म्हणायची.

ती गेल्यावर कपाट आवरताना डबी हातात आली. झाकणात नख घातलं आणि तिथंच मला उमगलं. तांब्यातून काही जात नाही. दुकानात डबीसकट टेकवून, हसत येऊन, तिनंच मला सांगितलं होतं. कार्ड डबीतच असायचं, मग हवेतून चोर येणार कुठून? आणि डबी उघडणारी माणसं घरात दोनच.

म्हणजे पाटावर बसल्या बसल्या तिला सगळं कळलं होतं.

त्यानंतर ती दोन वर्षं जगली. दोन वर्षं पिशवी घेऊन दारात उभी राहिली. "अहो, जरा पैसे देता?" आळीतलं काही सांगायची नाही. नुसती उभी राहायची, माझा हात खिशातून बाहेर येईपर्यंत. मी हात सावकाशच काढायचो, पहिल्यासारखा.

आणि मला बरं वाटायचं.