मास्टर रिंग पडली त्या दिवशी

कुपवाडच्या कारखान्यात आम्ही सूतगिरणीतल्या चातीवर बसणारी छोटी पुली करायचो. चाती म्हणजे सूत पिळणारी दांडी, ती मिनिटाला हजारो फेरे घेते. पुलीचं भोक काही मायक्रॉननं जरी मोठं झालं, तरी ती थरथरते आणि सूत तुटतं. ते भोक घासायचं काम माझ्या मित्राचं. तो माणमधला, मेंढरं राखणाऱ्या घरातला, मी लोणंदचा. राहायचो एकाच खोलीत. मला मशीनवरून तपासणीला बसवा, असं मालकांना त्यानंच सांगितलं होतं.

भोकात शाफ्टचा तुकडा सरकवून तो म्हणायचा, "गड्या, तू काट्याकडं बघ, मी बोटाला इचारतो." आणि बहुतेक वेळा दोघांचं उत्तर एकच यायचं.

भोक मोजायच्या गेजच्या काट्याचं शून्य मी रोज सकाळी एका पोलादी कड्यावर लावायचो. त्याला मास्टर रिंग म्हणतात. एकदा पुसताना ती माझ्या हातून फरशीवर पडली. जवळ कुणी नव्हतं. पडलेलं गेज किंवा रिंग वापरायची नाही, लगेच सांगायचं, हा नियम मीच फळ्यावर लिहिला होता. रिंग उचलून उजेडात फिरवली. कुठं डाग दिसला नाही. डबीत ठेवून दिली. तपासणीला बसून मला महिनाही झाला नव्हता. एवढंच कारण. दुसरं खूप शोधलं, सापडत नाही.

दोन दिवसांनी तो म्हणाला, "आज भोक ढिलं लागतंय रं."

मी काटा दाखवला. "शून्यावर हाय बघ. बोटाला म्हणावं चष्मा लाव."

तो हसला आणि त्यानं काम चालू ठेवलं.

पुढं भोकं मोठी म्हणून गिरणीतून सगळा माल परत आला. मालक आधी माझ्या टेबलाशी आले. "गेज बरोबर हाय न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

मग ते त्याच्या मशीनकडे वळले. तो म्हणाला, "तपासणीला बोलू नका, हात माझाच चुकला आसंल." त्या संध्याकाळी मी कपाटातली दुसरी रिंग काढली. त्यानंतरचा माल नीट निघाला, म्हणजे दोष त्याच्याच हाताचा, हे सगळ्यांना पटलं. वर्षाच्या तपासणीत पहिली रिंग नापास होऊन आली. तिच्यासोबत आलेला कागद मी फाईलला लावला. कुणी वाचला नाही.

चहाला बसलं की पोरं सुरू व्हायची, "आवं, मेंढरं हाकणाऱ्या हाताला मायक्रॉन कवा कळायचं?" "पाव्हणं, लोकर कातरा जावा!" त्यानं बोट लावायचंच सोडलं. एकेक पुली तीन-तीनदा माझ्याकडं आणायचा. एके दिवशी खोलीवर पिशवी भरताना म्हणाला, "हात गेला माझा. तुझ्यावर बोल येऊ दिला न्हाई, तेवढं बरं झालं."

मी त्याला स्टँडवर सोडून आलो.

यंदा, बऱ्याच वर्षांनी, दहिवडीच्या पुढं त्याच्या वस्तीवर गेलो. तो मेंढ्यांना पाणी दाखवत होता. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शेवटी त्यानं विचारलं, "मालकाला सांगितलंस?"

"न्हाई."

"मग हितं कशाला आलास? हितं कोण हसलं हुतं मला?"

सोमवारी कारखान्यात मी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं. बसलेल्यांत त्याला ओळखणारे दोघंच उरले होते. नवी मुलं मोबाईलवरून मान वर करून बघत राहिली. मालक म्हणाले, "आता कशाला उकरून काढतोस? जा, काम बघ."

मी त्याला फोन केला. "सांगितलं."

"कोण कोण हुतं?"

मी दोघांची नावं घेतली. त्याच्या मागं मेंढरं ओरडत होती. मग "बरं," म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. त्यानंतर त्यानं माझा फोन उचललेला नाही. मी दर रविवारी लावतो.